ताकद येते कोठून? – फुटबॉलपटूंच्या पायांतील विज्ञान

कोल्हापुरात फुटबॉलचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात. तेथे खेळणाऱ्या संघांची नावे वाचून बाहेरगावचा माणूस मात्र थोडा गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ! तालीम म्हणजे तर पैलवानांची जागा. तेथे लाल माती, जोर, बैठका आणि मल्लखांब. मग फुटबॉल संघाच्या नावात तालीम कशी आली?

याचे उत्तर सोपे आहे. कोल्हापुरात पेठेतील तालीम हे तरुणांनी एकत्र जमण्याचे ठिकाण. फुटबॉलचा नाद लागला तेव्हा संघही तेथेच उभे राहिले. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.

पण या नावांमुळे एक चांगला प्रश्न मनात येतो. फुटबॉल हा पळण्याचा आणि चेंडू खेळवण्याचा खेळ. त्यासाठी तालमीतील ताकदीची गरज आहे काय? आणि असलीच, तर ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी कमवावी काय?

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे तुमच्या कानांवर आली असतील. घरातील मोठी माणसे म्हणतात, "एवढ्यात वजने उचलू नकोस, उंची खुंटेल." उलट काही मुलांना वाटते, की व्यायामशाळेत जाऊन जास्तीत जास्त वजन उचलले की पाय आपोआप वेगवान होतील. विद्यार्थी मित्रांनो, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे समजून घेण्यासाठी आपण प्रथम मैदानावर जाऊ आणि मग स्नायूच्या आत डोकावू.

सामन्यात ताकद लागते कोठे?

मोठ्या खेळाडूंच्या ९० मिनिटांच्या सामन्यात एकेक खेळाडू साधारण १० किलोमीटर अंतर काटतो. यातील बहुतेक अंतर तो चालत किंवा हलके धावत पार करतो. अगदी जीव तोडून पळणे फार थोडे असते आणि तेही एका वेळी दोन-चार सेकंदच. परंतु गोल होतो किंवा वाचतो तो बहुधा याच दोन-चार सेकंदांत. चेंडूवर झेप घेणे, एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून डोक्याने चेंडू मारणे, ही सगळी कामे ताकदीची आहेत.

नववीच्या पुस्तकातील न्यूटनचा दुसरा नियम येथे उपयोगी पडतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. समजा, एका मुलाचे वस्तुमान ४८ किलोग्रॅम आहे. तो सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतो आहे. समोर बचावपटू आडवा आला म्हणून तो ०.६ सेकंदात थांबतो. त्याच्या वेगातील बदल ५ मीटर प्रतिसेकंद. म्हणून त्वरण ५ भागिले ०.६. त्याला ४८ ने गुणले की उत्तर येते ४०० न्यूटन. सुमारे ४० किलो वजनाचे पोते जेवढ्या जोराने खाली ओढते, तेवढा हा जोर आहे. शिवाय त्या मुलाचे स्वतःचे वजन, म्हणजे आणखी सुमारे ४८० न्यूटन, पायांना पेलावेच लागते. एक बल आडवे आणि दुसरे उभे असल्याने पायथागोरसच्या रीतीने त्यांची बेरीज केली, तर ती सुमारे ६२५ न्यूटन होते. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात पाय जमिनीवर आपटतो त्या क्षणी बल याहून अधिक असते आणि बहुतेक वेळा ते एकाच पायावर येते.

थोडक्यात, मैदानावर तुम्ही वजनाला हात लावला नाही, तरी तुमचे पाय दर मिनिटाला वजन उचलतच असतात. प्रश्न एवढाच, की त्यासाठी त्यांची तयारी करून घ्यायची, की त्यांना तसेच मैदानात लोटायचे?

मोठ्या खेळाडूंमध्ये ताकद आणि वेग यांचे नाते किती जवळचे असते, हे नॉर्वेतील विस्लॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले. त्यांनी १७ आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फुटबॉलपटूंना खांद्यावर वजन घेऊन अर्धी बैठक मारायला लावली आणि त्यांची धाव व उडीही मोजली. ज्यांची बैठकेतील ताकद जास्त, तेच १० मीटरची धाव लवकर संपवणारे आणि उंच उडी मारणारे निघाले.

स्नायू आणि त्याचा हुकूम

आता स्नायूच्या आत पाहू. स्नायू हा केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा असतो. पण हे तंतू आपल्या मर्जीने आखडत नाहीत. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून निघणारी एकेक मज्जापेशी तंतूंच्या एकेका गटावर हुकूम चालवते. हुकूम सुटला की त्या गटातील सर्व तंतू एकदम आखडतात. हलके काम असेल तर थोडे गट कामाला लागतात, जड काम असेल तर अधिक गट लागतात.

व्यायाम न केलेल्या माणसाला आपले सगळे गट एकाच वेळी कामाला लावणे जमत नाही. रस्सीखेच आठवा. दहा दणकट मुले दोराला लागली आहेत. पण एक आता ओढतो, दुसरा नंतर ओढतो, तिसरा नुसताच धरून उभा आहे. असा संघ हरतो. मग कोणी तरी "हय्या हो" असा ताल धरतो आणि तीच दहा मुले जिंकू लागतात. मुले वाढली नाहीत, त्यांचे दंडही फुगले नाहीत. त्यांना फक्त एकत्र ओढणे जमले.

ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीरात नेमके हेच घडते. मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी १९७९ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरुणांना फक्त एकाच हाताचा व्यायाम आठ आठवडे करायला लावला आणि स्नायूंतील विद्युत संकेत मोजले. सुरुवातीला ताकद वाढली ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे. स्नायू जाड होण्याचा वाटा पुढे हळूहळू वाढत गेला. गंमत म्हणजे ज्या हाताने काहीच व्यायाम केला नव्हता, त्याचीही ताकद थोडी वाढली! तो हात जाड झाला नव्हता. मग ही ताकद आली कोठून? हुकूम देणारी यंत्रणा शिकली होती, आणि तिच्या शिकण्याचा लाभ दुसऱ्या हातालाही मिळाला होता.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वयात येण्यापूर्वी स्नायू जाड करणारी संप्रेरके शरीरात कमी असतात. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाने कितीही व्यायाम केला, तरी त्याचे दंड पैलवानासारखे होत नाहीत. तरीही त्याची ताकद वाढते. आठ ते बारा आठवड्यांच्या नीट आखलेल्या व्यायामाने ती साधारण ३० टक्क्यांनी वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ही जवळजवळ सगळी वाढ शिकण्याची असते. पाढे जसे लहानपणी पक्के होतात, तसेच हे शिक्षण. म्हणूनच या वयात किती वजन उचलले यापेक्षा किती बरोबर उचलले, याला अधिक महत्त्व आहे. मज्जासंस्था चुकीची हालचालही तेवढ्याच निष्ठेने पाठ करते!

उंची खुंटते काय?

घरच्यांच्या भीतीला एक आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. तुमच्या लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी वाढते ती या चकतीत. ही चकती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते आणि तिला मोठी इजा झाली तर त्या हाडाच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. म्हणून वजनाचा आणि उंचीचा संबंध लोकांनी जोडला.

पण प्रत्यक्षात काय दिसते? जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने ताकदीचा व्यायाम करणाऱ्या मुलांची उंची खुंटल्याचा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असे व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि हितकारक असल्याचे आपल्या निवेदनांत म्हटले आहे. उलट बेताचा ताण मिळाला की हाडे अधिक घट्ट होतात. ज्या दुखापती होतात, त्यांची कारणे वेगळी असतात. कोणी लक्ष द्यायला नसताना पैजेने जास्तीत जास्त वजन उचलणे, पद्धत न शिकता घाई करणे, वजन पायावर पडणे, ही ती कारणे. म्हणजे दोष ताकदीचा नाही, अविचाराचा आहे.

अचानक लांब झालेले पाय

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात एका वर्षात ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढणे हे नवल नाही. दिवाळीला शिवलेली पँट पुढच्या दिवाळीला घोट्याच्या वर जाते, ती याच वयात.

हाडे आधी लांबतात, स्नायूंचे बळ नंतर येते. लांब तरफ आली, पण ती हलवणारा गडी जुनाच, अशी काही काळ स्थिती होते. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अडखळू लागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची शीर नडगीच्या हाडाला जेथे जोडलेली असते, तेथे गुडघ्याच्या खाली दुखू लागते आणि टेंगूळ येते. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावांनी ओळखले जाते. अशा वेळी शिक्षकांनी "आळशी झालास" म्हणून त्या मुलाला अधिक पळवू नये. काही दिवस उड्या व वेगाची धाव कमी करावी आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

गुडघ्याच्या आणखी एका इजेची माहिती हवी. गुडघ्याच्या आत एकमेकांवरून फुलीसारखे जाणारे दोन मजबूत बंध असतात. त्यांपैकी पुढचा बंध तुटला, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि खेळाडू नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ मैदानाबाहेर राहतो. कित्येकांचा खेळ तेथेच संपतो. हा बंध पुष्कळदा कोणाचाही धक्का न लागता तुटतो. उडीवरून उतरताना किंवा वळताना गुडघा आतल्या बाजूला कलंडतो आणि घात होतो. मुलींमध्ये या इजेचा धोका मुलांच्या दुपटीहूनही अधिक असल्याचे आढळते. आता मुलींचे संघही मोठ्या संख्येने मैदानात उतरत आहेत. त्यांना चेंडू आणि गणवेश देऊन शाळेचे काम संपत नाही. उतरावे कसे, हेही त्यांना शिकवले पाहिजे.

नॉर्वेतील १२५ क्लब

शिकवून उपयोग होतो काय? याचे उत्तर मतांनी नव्हे, मोजमापाने मिळाले आहे. धावणे, ताकदीचे व्यायाम, तोल सांभाळणे आणि उड्या यांचा एक २० मिनिटांचा कार्यक्रम जागतिक फुटबॉल संघटनेच्या पुढाकाराने तयार झाला. त्याचे नाव 'इलेव्हन प्लस'. खेळापूर्वी अंग मोकळे करण्यासाठी जो वेळ जातो, त्याच वेळात तो करायचा असतो.

नॉर्वेतील संशोधकांनी १३ ते १७ वर्षांच्या मुलींचे १२५ क्लब निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने हा कार्यक्रम केला. दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे सराव केला. दोन्ही गटांत मिळून १,८९२ मुली होत्या. आठ महिन्यांचा हंगाम संपल्यावर दुखापतींची मोजदाद झाली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होत्या. गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. ज्या संघांनी कार्यक्रम अधिक नियमाने केला, त्यांना लाभही अधिक झाला.

यंत्रे नाहीत, वजने नाहीत, केवळ स्वतःचे शरीर आणि २० मिनिटे! आपल्या शाळांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पाच व्यायाम

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पुढील पाच व्यायामांना शाळेचे मैदान पुरते. आधी पाच-सात मिनिटे हलके धावून अंग गरम करावे. पहिले काही दिवस खेळाच्या शिक्षकांसमोरच व्यायाम करावेत.

१. अर्धी बैठक. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. मागे खुर्ची आहे अशी कल्पना करून कंबर मागे नेत खाली बसा. मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर झाल्या की उठा. टाचा जमिनीवरच राहू द्या. तालमीतल्या बैठकेत टाचा उचलतात, हा त्यातला फरक लक्षात ठेवा. गुडघे पायांच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आत कलता कामा नयेत. दहा बैठकांचे दोन फेर.

२. पाऊल टाकून बैठक. एक पाय लांब पुढे टाका, दोन्ही गुडघे वाकवून शरीर सरळ खाली न्या आणि पुढच्या पायाने रेटा देऊन मागे या. प्रत्येक पायाने आठ वेळा. फुटबॉलमध्ये धावणे, वळणे, चेंडू मारणे हे सारे एका पायावर तोलून चालते. म्हणून पाय वेगवेगळे तयार करावे लागतात.

३. फळी. पालथे झोपून कोपर आणि पायांची बोटे टेकवा आणि शरीर फळीसारखे सरळ उचलून धरा. कंबर झोळीसारखी खाली लोंबू देऊ नका. २० ते ३० सेकंद, दोनदा. पाय कितीही मजबूत असले तरी त्यांचे बळ धडातून जाते. मधला भाग ढिला असेल, तर ते वाटेतच वाया जाते.

४. गुडघ्यांवरून पुढे झुकणे. मऊ जागेवर गुडघ्यांवर ताठ उभे राहा. जोडीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट धरावेत. आता मांडी ते डोके एका रेषेत ठेवून अगदी सावकाश पुढे झुका. तोल राहीनासा झाला की हात टेका. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे.

या चौथ्या व्यायामातील विज्ञान मजेदार आहे. भरलेली कळशी डोक्यावरून हळू खाली उतरवताना दंडाचा स्नायू लांबत असतो, तरी तो ताण सोडत नाही. अशा वेळी स्नायू अधिक बल पेलू शकतो. जोरात धावताना मांडीच्या मागच्या स्नायूला नेमके हेच काम असते. पुढे फेकलेल्या पायाला त्याला लगाम घालावा लागतो, आणि तेथेच तो भरून येतो किंवा फाटतो. डेन्मार्कमध्ये ५० संघांतील ९४२ पुरुष खेळाडूंवर याच व्यायामाची परीक्षा घेण्यात आली. २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम न केलेल्या गटात या स्नायूच्या ५२ दुखापती झाल्या, केलेल्या गटात फक्त १५.

५. उडी आणि उतरणे. जागच्या जागी उंच उडी मारा आणि गुडघे वाकवत, आवाज न करता उतरा. उतरल्यावर दोन सेकंद पुतळ्यासारखे स्थिर राहा. सहा उड्यांचे दोन फेर. आवाज झाला, तर उतरणे चुकले असे समजा.

आवाजाचा आणि गुडघ्याचा संबंध काय? पुन्हा थोडे गणित करू. समजा, तुम्ही ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली येता. पाय ताठ ठेवले, तर शरीर थांबायला जेमतेम ५ सेंटिमीटर अंतर मिळते. गुडघे आणि कंबर वाकवली, तर ३० सेंटिमीटर मिळते. पडण्यातून मिळालेली ऊर्जा या थांबण्याच्या अंतरात खर्च व्हायची असते. हिशेब केला तर ताठ पायांवर सरासरी बल येते वजनाच्या ७ पट, आणि वाकलेल्या पायांवर फक्त २ पट. ४८ किलोच्या मुलासाठी हा ३,३६० आणि ९६० न्यूटन असा फरक आहे. झेल घेताना क्रिकेटपटू हात मागे घेतो, तीच ही युक्ती.

वासराची गोष्ट

हे व्यायाम सोपे वाटू लागले की पुढे काय? प्राचीन ग्रीसमध्ये क्रोटोनचा मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. दंतकथा अशी, की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन फिरे. वासरू वाढत गेले, तशी मिलोची ताकदही वाढत गेली आणि शेवटी त्याने पूर्ण वाढलेला बैल उचलला. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे. ओझे थोडे थोडे वाढवले, तर शरीर त्याच्याशी जुळवून घेते. एकदम बैल उचलायला गेला असता, तर मिलोची गोष्ट तेथेच संपली असती!

येथे तालमीतल्या एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. दोनशे, पाचशे बैठका मारल्याचे आपल्याकडे कौतुक असते. त्याने दम वाढतो, यात शंका नाही. पण कमाल ताकद आणि झटक्याचा वेग यांसाठी आकडा फुगवून फारसा फायदा होत नाही. बारा बैठका नीट जमल्या, तर पंचवीस मारण्याऐवजी बैठक अवघड करावी. सावकाश उतरावे, पाऊल टाकून बसावे, मग हातात लहान वाळूची पिशवी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी आणि तीही अगदी थोडी. व्यायामशाळेतील लोखंडी वजनांकडे वळायचे तर ही पायरी पक्की झाल्यावर आणि शिकवणारा जाणकार असेल तरच.

व्यायाम आठवड्यातून दोन दिवस करावेत आणि त्या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाही. त्याची डागडुजी नंतर होते. त्यासाठी आठ ते दहा तासांची झोप हवी, आणि भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी असे साधे पण पोटभर जेवण हवे. डब्यातल्या महागड्या पावडरींची शाळकरी खेळाडूंना गरज नाही. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे आंबले तर घाबरू नये. पण सांध्यात दुखले, सूज आली किंवा लंगडावे लागले तर व्यायाम तत्काळ थांबवावा. दुखणे लपवून खेळणे हे शौर्य नव्हे.

तुमच्या वर्गाचा प्रयोग

हे सर्व वाचून तुम्ही केवळ विश्वास ठेवावा, असे विज्ञानाला मान्य नाही. स्वतः मोजून पाहा.

भिंतीजवळ उभे राहून हात वर ताणा आणि बोटांना खडू लावून खूण करा. आता जागेवरून उडी मारून जास्तीत जास्त उंच दुसरी खूण करा. दोन खुणांमधील अंतर म्हणजे तुमची उडी. तीन उड्या मारा आणि सरासरी काढा. मैदानावर २० मीटर अंतर आखून धावेची वेळही नोंदवा. मग नॉर्वेतील संशोधकांप्रमाणे चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाडा. पहिल्या गटाने हे पाच व्यायाम आठ आठवडे करावेत. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे खेळावे. शेवटी दोन्ही गटांची पुन्हा मापे घ्या आणि आलेख काढा. त्यानंतर दुसऱ्या गटालाही व्यायाम शिकवा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही.

दुसऱ्या गटाची गरजच काय, असे कोणी विचारील. आठ आठवड्यांत तुम्ही सगळेच थोडे वाढलेले असता आणि दुसऱ्यांदा उडी मारताना युक्तीही कळलेली असते. त्यामुळे व्यायाम न करणाऱ्यांची उडीही थोडी वाढलेली दिसेल. ती वजा केल्यावर जे उरेल, ते व्यायामाचे श्रेय. वर्गात मुले थोडी असल्याने आकडे डळमळीत येतील. शेजारच्या शाळेलाही सामील करून घेतलेत तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल.

ताकद आली म्हणून चेंडू आपोआप पायात घोळत नाही. त्यासाठी चेंडूबरोबर तासन्‌तास घालवावेच लागतात. पण हे तास दवाखान्यात न जाता मैदानावर घालवता यावेत, यासाठी आठवड्यातील दोनदा वीस मिनिटे ही किंमत काही फार नाही. पुढच्या सरावाच्या दिवशी संघातील एकेकाला उडी मारायला सांगा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून नुसते ऐका. कोणाच्या पायांचा आवाज सर्वांत मोठा येतो, ते कळले की तुमचे काम कोठून सुरू करायचे, तेही कळेल.